आकसपट्टी

आमच्या धंद्यात पट्टीच खोटी असते.
शंभराला एक जास्त,
कारण ओतलेलं बीड थंड होताना तेवढं आत सरकतं.
चाळीस वर्षं उद्यमनगरात
या खोट्या पट्टीनं मी खरे पॅटर्न केले,
पंपांचे, गुऱ्हाळाच्या चरकांचे,
एकदा देवळाच्या घंटेचा.
हाताचा कधी केला नव्हता.

निलोफर बागवान, वय सतरा,
पेटीतून पिस्तूल काढून माझ्या बाकावर ठेवते.
तिसऱ्या मालकाकडून आलेलं, छऱ्यांचं.
काका, ही मूठ कुणा दुसऱ्याची आहे.
नेम धरला की मधल्या बोटाखाली पोकळी राहते,
सगळं त्या पोकळीत हलतं.

धर म्हटलं. तिनं धरलं.
हात आणि लाकडामधून जिथं जिथं उजेड दिसला
तिथं मी पेन्सिलीनं खुणा केल्या.

बापट कॅम्पात बंडा कुंभारानं शाडू दिली,
"न्हे की, गणपतीतनं उरलीया."
शाडू सगळं ऐकून घेते,
बोट ठेवलं तर बोट, नख ठेवलं तर नख,
आणि सकाळी बघावं तर भेगा.
चुकायला बरी. ठेवायला नाही.

डेंटिंगवाल्याची लांबी आणली.
हार्डनर थेंबभर जास्त पडला
तर कालवता कालवता दगड.
ट्रकच्या दाराला ठीक आहे.
कडेला पातळ लावली की टवका उडतो.

गडहिंग्लजचा चन्नाप्पा राजारामपुरीत कवळ्या करतो,
त्यानं त्याची गुलाबी पावडर दिली.
घामाला दाद देत नाही म्हणाला, खरंच देत नाही.
पण घट्ट होताना चटका बसेल इतकी तापते,
शिवाय पोरगी हसत सुटली :
काका, पिस्तुलाला हिरड्या फुटल्या!

शेवटी टाकी गळल्यावर लावतात ती,
दोन कांड्यांची पुट्टी.
काळी नि पांढरी मळत राहायची
रेघ दिसेनाशी होईपर्यंत.
त्यात सागाचा भुसा, चिमूटच,
वजन जरा उतरावं म्हणून,
आणि कानशीला काहीतरी ओळखीचं लागावं म्हणून.

तिच्या अंगठ्याच्या बुडाशी घट्टा आहे.
लक्ष्मीपुरीत पहाटे अब्बांबरोबर
डाळिंबांचे क्रेट उतरवते, त्याचा.
याला जागा ठेवू का, विचारलं.
म्हणाली, ठेवा. क्रेट तर उद्याही येणार.

तळव्याला प्लॅस्टिकचा कागद, वर व्हॅसलिन.
नेमाला धरतेस तशीच धर गं,
भांडणात धरल्यासारखी नको.
ती भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका तारखेवर डोळा लावून उभी.
आवळलेल्या बोटांमधून पुट्टी वर आली,
कोमट झाली.
ट्रिगरचं बोट तेवढं मोकळं, लाकडाला न टेकलेलं.
त्या एकासाठी बाकीच्यांनी गप्प बसायचं.
आठ मिनिटं मीही बोललो नाही.
बाहेर कुणाचा तरी लेथ चालू होता.

दुधाळीच्या रेंजवर मापाच्या पेटीत मूठ अडकली.
जाडी पन्नास मिलिमीटर, वर केसभर नाही.
तळव्याची कड दोन मिलिमीटर जास्त.
तिथंच पायरीवर बसून कानस चालवली,
तिचा कालचा हात
दोन मिलिमीटर घासून काढला.
अर्धी तर्जनीची रेघ गेली की काय, असं वाटलं,
तर्जनी त्यात नव्हतीच.

ही पुट्टी आकसत नाही, पाकिटावर लिहिलंय.
माझ्या पट्टीला इथं काही काम नाही.
हाताचं मात्र पाकिटावर काही लिहिलेलं नाही.
अजून सतरा वय. वाढेल.
उरलेल्या कांड्या तिच्या पेटीत टाकल्या.

ती पाणी प्यायला गेली तेव्हा
मी गुपचूप मूठ धरून बघितली.
माझी दोन बोटं एकोणनव्वद साली रंध्यानं नेली.
तिच्या बोटांचे दोन खळगे तसेच उघडे राहिले,
घट्ट्याची जागा भलतीकडेच टोचली.

कुठूनच बसत नव्हती.
जमली म्हटलं, आणि पुसून ठेवली.